लिंक रोडवरचा भंगार बाजार

सातपूर-अंबड लिंक रोडवर, चुंचाळे शिवारात, भंगार बाजार वसला तो कोणाच्या नियोजनातून नव्हे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ 1962 साली स्थापन झाले. पुढे सातपुरास कारखाने उभे राहिले, मागाहून अंबडची वसाहत झाली. कारखाना आला की टाकाऊ लोखंड आलेच, आणि लोखंडामागोमाग ते विकत घेणारा. मोकळ्या जागेवर पत्र्याच्या शेडी पडल्या. मोडीत निघालेल्या मोटारींनाही तेथेच अखेरचा मुक्काम मिळाला.

भंगार हा शब्द आपण नाक मुरडून उच्चारतो. वस्तुतः मोडीत गेलेली एक जीप म्हणजे रस्त्यावरच्या दुसऱ्या चार जीपांचे आयुष्य होय. महिंद्र कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलीज जीपची जुळणी आरंभिली. कालांतराने तिचा कारखाना सातपुरातही आला. त्या जीपची घडण कित्येक दशके फारशी बदलली नाही. त्यामुळे एकीचा गिअरबॉक्स, क्राऊन-पिनियन किंवा कमानीचे पाटे दुसरीला थोड्याफार कानसकामाने बसत. फियाटचेही तसेच. 1964 ची डिलाईट आणि तिचीच पुढची पिढी असलेली प्रीमियर पद्मिनी यांचा सांगाडा मूलतः एकच. कंपनीने भाग बनवणे थांबवले तरी मेस्त्री हातात तुटका भाग घेऊन ढिगाऱ्यात शिरे आणि जोडीचा शोधून आणी. नव्या मोटारीतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणेच्या बाबतीत असा मेळ सहसा जमत नाही, हे कोणताही फिटर सांगेल.

परंतु या बाजाराची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे. जागा अनधिकृत होती. सांडलेले तेल, बॅटरीतील शिसे आणि आम्ल जमिनीत मुरे, आगी लागत, शेजारच्या वस्तीला त्याचा जाच होता. जानेवारी 2017 मध्ये महानगरपालिकेने मोठ्या पोलीस बंदोबस्तात बाजार हटविला. तो पुन्हा उभा राहिला. फेब्रुवारी 2025 मध्ये तो पुन्हा जमीनदोस्त करण्यात आला. बाजार हटणे आवश्यक होते, असेच आमचे मत आहे. मात्र त्या मालाला आणि तो ओळखणाऱ्या माणसांना रीतसर जागा आधी द्यावयास हवी होती, हेही आम्ही तितक्याच स्पष्टपणे म्हणू. नुसते पाडल्याने भंगार नाहीसे होत नाही, हे 2017 नंतरच्या आठ वर्षांनी दाखविलेच आहे.

दरम्यान देशाचे धोरणही पालटले. ऑगस्ट 2021 मध्ये वाहन मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले. नोंदणीकृत केंद्रात गाडी जमा केल्यास प्रमाणपत्र मिळते. ते दाखवून खासगी वाहन घेणाऱ्यास मोटार वाहन करात 25 टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद झाली. उलट, एप्रिल 2022 पासून पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क 600 वरून 5000 रुपये झाले. मुंबईत ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर 2023 अखेर रस्त्यावरून उतरली.

आज ज्यांच्या अंगणात आजोबांची जीप उभी आहे, ते मोबाईलवर छायाचित्र पाठवून भाग मागवितात. छायाचित्रावरून पिनियनचे दात मोजता येतात. ते किती झिजले आहेत, हे मात्र लिंक रोडवरचा दुकानदार काळ्या तेलकट बोटाने चाचपून सांगत असे, आणि किंमत त्यानंतर.