वाहिन्यांचे विषयांतर : नाव एक, आशय दुसराच

एखाद्या विशिष्ट विषयासाठी सुरू झालेली दूरचित्रवाणी वाहिनी कालांतराने त्या विषयापासून दूर जाते आणि जास्त प्रेक्षक मिळवून देणाऱ्या निराळ्याच कार्यक्रमांकडे वळते. या प्रक्रियेला माध्यम-अभ्यासात ‘चॅनल ड्रिफ्ट’ किंवा ‘नेटवर्क डिके’ असे म्हणतात. मराठीत त्यास ‘वाहिनीचे विषयांतर’ म्हणता येईल. हे विषयांतर क्वचितच एका दिवसात घडते. आधी एखादा वेगळा कार्यक्रम येतो, तो लोकप्रिय होतो, मग त्याच्यासारखे आणखी चार येतात. मूळ विषय रात्री उशिराच्या वा पहाटेच्या वेळेत ढकलला जातो आणि अखेरीस वाहिनीच्या नावातूनही नाहीसा होतो.

संगीताविना संगीतवाहिनी

या प्रकाराचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे एमटीव्ही. ‘म्युझिक टेलिव्हिजन’ हे त्या नावाचे पूर्ण रूप. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत सुरू झालेली ही वाहिनी दिवसभर गाण्यांच्या चित्रफिती दाखवीत असे. त्या बहुतांशी ध्वनिमुद्रण कंपन्यांकडून प्रसिद्धीसाठी मिळत असल्याने खर्च कमी होता. मात्र या आशयात एक मूळची अडचण होती. गाणे तीन-चार मिनिटांत संपते आणि पुढचे आवडले नाही की प्रेक्षक वाहिनी बदलतो. जाहिरातदाराला तर अर्धा-पाऊण तास खिळून राहणारा प्रेक्षक हवा असतो. १९९२ मध्ये ‘द रिअल वर्ल्ड’ या कार्यक्रमात अनोळखी तरुण-तरुणींना एका घरात ठेवून त्यांचे सहजीवन चित्रित करण्यात आले, आणि वाहिनीला हवा तो मार्ग सापडला. २०१० मध्ये बोधचिन्हाखालील ‘म्युझिक टेलिव्हिजन’ हे शब्दही काढून टाकण्यात आले.

भारतातही हाच प्रवास झाला. १९९४ मध्ये आलेली चॅनल व्ही आणि १९९६ मध्ये स्वतंत्रपणे आलेली एमटीव्ही इंडिया या दोन वाहिन्यांनी चित्रपटबाह्य भारतीय पॉप संगीताला व्यासपीठ दिले. पुढे ‘रोडीज’ (२००३) आणि ‘स्प्लिट्सव्हिला’ (२००८) हीच एमटीव्ही इंडियाची ओळख बनली. चॅनल व्हीने तरुणांसाठीच्या मालिकांची वाट धरली आणि २०१८ मध्ये ती बंद झाली. चित्रपटाबाहेर गाणाऱ्या कलावंताला घराघरांत पोहोचविणारे दार त्यामुळे बरेचसे मिटले.

शिक्षणाची वाहिनी

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. आज टीएलसी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाहिनीचा उगम १९७० च्या दशकातील एका सरकारी शैक्षणिक उपक्रमात आहे. अमेरिकेतील अ‍ॅपलेशिया या डोंगराळ, मागास भागातील शिक्षकांना नासाच्या एटीएस-६ उपग्रहाद्वारे प्रशिक्षण देण्याची ती योजना होती. हाच उपग्रह नंतर पूर्वेकडे हलविण्यात आला आणि १९७५-७६ मध्ये भारतातील ‘साइट’ हा प्रयोग त्याच्याच साहाय्याने झाला. कर्नाटक, आंध्र प्रदेश, मध्य प्रदेश यांसह सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य व शिक्षणाचे कार्यक्रम त्यातून दाखविले गेले.

अमेरिकेतील उपक्रमाला १९८० मध्ये ‘द लर्निंग चॅनल’ हे नाव मिळाले. १९९१ मध्ये डिस्कव्हरीने ती वाहिनी विकत घेतली. त्यानंतर घरांची सजावट, मोठ्या कुटुंबांचे कौटुंबिक कलह आणि बालसौंदर्यस्पर्धांतील मुली असे तिचे विषय बदलत गेले. ‘टीएलसी’ ही तीन अक्षरे उरली. त्यांतील ‘लर्निंग’ मात्र हरवले. भारतात तर २०१० मध्ये ‘डिस्कव्हरी ट्रॅव्हल अँड लिव्हिंग’ या प्रवासवाहिनीलाच हे नाव देण्यात आले. भारतीय प्रेक्षकाने त्या नावामागचे शिक्षण कधी पाहिलेच नाही.

इतिहासाकडून परग्रहाकडे

मनोरंजनाने संगीताची जागा घेतली तर अभिरुचीचे नुकसान होते. ज्ञानाच्या नावाने चालणाऱ्या वाहिनीने विषय सोडला तर नुकसान सत्याचे होते. अमेरिकेत १९९५ मध्ये सुरू झालेली हिस्ट्री चॅनल आरंभी दुसऱ्या महायुद्धावर इतका भर देत असे की तिला थट्टेने ‘हिटलर चॅनल’ म्हटले जाई. नंतर बर्फावरून मालमोटारी हाकणारे चालक (‘आइस रोड ट्रकर्स’, २००७) आणि जुन्या वस्तू गहाण ठेवून घेणारे दुकानदार (‘पॉन स्टार्स’, २००९) तिचे नायक झाले. त्यापाठोपाठ आलेल्या ‘एन्शंट एलियन्स’ या मालिकेने प्राचीन वास्तू परग्रहवासीयांच्या मदतीने उभ्या राहिल्या असाव्यात, ही कल्पना वर्षानुवर्षे मांडली.

या चर्चेत वेरूळचे कैलास लेणेही ओढले गेले. वस्तुतः या लेण्याविषयी आपल्याकडे सबळ पुरावा आहे. आठव्या शतकातील राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्याशी त्याचा संबंध जोडला जातो. डोंगराचा कडा वरून खाली कोरीत आणल्याच्या खुणा आणि छिन्नीचे घाव आजही दिसतात. वडोदरा येथे मिळालेल्या, नवव्या शतकाच्या आरंभीच्या राष्ट्रकूट ताम्रपटात एलापूर येथील या मंदिराचे वर्णन आहे. ते पाहून विमानातून जाणारे देव विस्मित झाले आणि ते घडविणाऱ्या शिल्पीलाही स्वतःच्या कृतीचे नवल वाटले, असा त्याचा आशय आहे. ताम्रपटातील देव केवळ पाहून थक्क होतात. घडविणारा माणूसच आहे. बाराशे वर्षांपूर्वीच्या कवीने कारागिराला दिलेले श्रेय इतिहासाचे नाव धारण करणाऱ्या वाहिनीवर त्याच्याकडून काढून घेतले जावे, यात या विषयाचे गांभीर्य दिसते.

याच सुमारास अ‍ॅनिमल प्लॅनेटने २०१२ मध्ये जलपऱ्यांविषयी माहितीपटाच्या धाटणीचा काल्पनिक कार्यक्रम दाखविला. तो इतक्यांना खरा वाटला की अमेरिकेच्या सरकारी सागरी संस्थेला जलमानवांचा कोणताही पुरावा नसल्याचा खुलासा करावा लागला. २०१३ मध्ये डिस्कव्हरीने लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेला महाकाय शार्क अद्याप जिवंत असावा, असे नटांना शास्त्रज्ञ म्हणून उभे करून सुचविले. टीकेनंतर असे कार्यक्रम थांबविण्याची ग्वाही वाहिनीला २०१५ मध्ये द्यावी लागली.

कारणे

विषयांतराची मुख्य कारणे आर्थिक आहेत. पहिले, विशिष्ट विषयाचा प्रेक्षक निष्ठावान असला तरी मर्यादित असतो, आणि जाहिरातीचा दर प्रेक्षकसंख्येवर ठरतो. दुसरे, संशोधन, प्रवास आणि तज्ज्ञांवर खर्च करून केलेल्या माहितीपटापेक्षा सामान्य माणसांवर कॅमेरा रोखणारा कार्यक्रम स्वस्त पडतो. तिसरे, मालकी बदलली की अनेक वाहिन्या एका समूहात येतात आणि एकीचे यश दुसरीवर लादले जाते. चौथे, इंटरनेट. २००५ मध्ये यूट्यूब आल्यावर गाण्यासाठी वाहिनीपुढे बसण्याची गरज संपली.

तथापि प्रत्येक बदल ही घसरण नसते. जुने चित्रपट दाखविण्यासाठी १९८४ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकेतील एएमसीने विषय सोडून स्वतःच्या मालिका काढल्या. त्यांतील ‘मॅड मेन’ (२००७) आणि ‘ब्रेकिंग बॅड’ (२००८) यांची गणना उत्कृष्ट मालिकांत होते. प्रश्न बदलाचा नसून नाव आणि आशय यांतील प्रामाणिकपणाचा आहे.

नियम काय सांगतात?

कॅनडात विशेष वाहिनीला परवान्यातच विषय नेमून दिला जाई आणि त्या विषयात तिला स्पर्धेपासून संरक्षण असे. वाहिन्यांनी हळूहळू त्या चौकटीतही पळवाटा शोधल्या. २०१५ मध्ये तेथील नियामकाने हे विषयसंरक्षणच रद्द केले.

भारतात परवानगी देताना मुख्यतः दोनच गट केले जातात : वृत्त व चालू घडामोडींच्या वाहिन्या आणि वृत्तेतर वाहिन्या. वृत्तेतर वाहिनीने संगीत सोडून मालिका दाखविल्या तर या गटवारीला बाधा येत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१७ च्या दरविषयक आदेशानुसार वाहिनीला मनोरंजन, चित्रपट, संगीत, क्रीडा, बालविषयक, माहितीरंजन इत्यादींपैकी आपला प्रकार जाहीर करावा लागतो. परंतु ‘माहितीरंजन’ हा शब्दच इतका ऐसपैस आहे की त्यात ताम्रपटही मावतो आणि परग्रहवासीही.

प्रेक्षकाच्या हाती

त्याच आदेशाने एक उपयुक्त अधिकारही दिला आहे. २०१९ पासून प्रत्येक सशुल्क वाहिनीची किंमत स्वतंत्रपणे जाहीर होते आणि ग्राहकाला संचाऐवजी सुट्या वाहिन्या निवडता येतात. संचात आलेली वाहिनी नावाप्रमाणे काही दाखवीत नसेल, तर केबलचालकाला किंवा डीटीएच कंपनीला सांगून ती वगळता येते. संच सोडल्याने एकूण देयक वाढते की घटते, हे मात्र आधी हिशेब करून पाहावे.

घरात मुले असतील, तर वाहिनीच्या नावावर विसंबू नये. कार्यक्रमाच्या आरंभी व अखेरीस झळकणाऱ्या सूचना वाचाव्यात. ‘काल्पनिक’ किंवा ‘नाट्यरूपांतर’ हा शब्द अनेकदा तेथेच, क्षणभर, बारीक अक्षरांत असतो. आणि वेरूळ फार दूर नाही. छिन्नीचे घाव मुलांना प्रत्यक्ष दाखविता येतात.