कलम

कलम (नपुंसकलिंगी; लेखणी या अर्थी स्त्रीलिंगीही) : मूळ अर्थ बोरूची लेखणी. मराठीत याखेरीज कायद्याचा वा कराराचा क्रमांकित भाग, यादीतली बाब, झाडाला केलेला जोड व त्यातून वाढलेले झाड, चित्रशैली असे अर्थ आहेत. 'कलम करणे' म्हणजे छाटणे, आणि बखरींच्या भाषेत मुंडके उडवणे.

व्युत्पत्ती : ग्रीक भाषेत 'कालामोस' म्हणजे बोरू, लव्हाळ्यासारखी पोकळ काडी, आणि तिची केलेली लेखणीही. हाच शब्द अरबीत 'कलम' झाला. कुराणातील 68 वी सूरा याच नावाची आहे. अरबी कोशकारांनी मात्र त्याचा संबंध छाटणे, तासणे या अर्थाच्या स्वतःच्या धातूशी लावला. नखे कापण्यालाही अरबीत त्याच धातूचा शब्द आहे. तासलेली काडी तेवढी कलम, न तासलेली नुसती बोरू, असे ते म्हणत. इतिहासाच्या दृष्टीने ही व्युत्पत्ती मागाहून जुळवलेली. पण शब्दाचा पुढचा प्रवास पाहिला तर त्यांनी मर्मावरच बोट ठेवले होते. बोरूला तिरका छेद दिल्याशिवाय तो लिहीत नाही, आणि कलमाचे निम्मे अर्थ या छेदातूनच फुटले आहेत.

मराठीत शब्द आला तो फारसीतून, बहमनी आणि पुढे निजामशाही-आदिलशाही दफ्तरांच्या वाटेने. त्याआधी आपल्याकडे 'लेखणी' होतीच. तिचा संस्कृत धातू 'लिख्' म्हणजे ओरखडणे, कोरणे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या 19 व्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेला दिला आहे. त्यात देशोदेशीचे बारीक, सरळ बरू आणावेत असे ते सांगतात. टाक तोडण्याच्या नाना तऱ्हांचाही उल्लेख तिथे आहे. शिवकालीन राज्यव्यवहारकोशात, जिथे दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, 'लेखनवर्ग' हा स्वतंत्र वर्गच आहे. तरीही कलम दफ्तरातून हलले नाही. कलमदान आणि कलमतराश (लेखणी तासायचा चाकू) ही त्याची भावंडेही टिकली.

संस्कृतात 'कलम' ही भाताची एक जात आहे. रघुवंशाच्या चौथ्या सर्गात रघूने उखडून पुन्हा स्थापलेल्या वंग राजांना कालिदास याच भाताची उपमा देतो : उपटून लावलेले, पायाशी वाकलेले आणि भरघोस फळ देणारे. उपमा सुंदर आहे, आणि लावणीचा उल्लेख पाहून तिथेच झाडाच्या कलमाचे मूळ शोधण्याचा मोह होतो. पण मराठी कलम त्या शेतातून आलेले नाही. 'कलमा' आणि 'कलाम' (वचन, वाणी) यांच्याशीही त्याचे नाते नाही. अरबीत त्यांचा 'क' वेगळ्या अक्षराचा आहे, देवनागरीत दोन्ही एकसारखे दिसतात इतकेच.

बाब आणि कायदा : हिशेबात लेखणीने केलेली एक नोंद ती एक कलम. फारसीत आजही 'कलम' म्हणजे वस्तू, नग, बाब. मराठी दफ्तरांत मागण्या, तहाच्या अटी, जमाखर्च कलमवार लिहीत. अशा यादीला कलमबंदी म्हणत. तिथून ते इंग्रजी अमदानीच्या कायद्यांत शिरले. 1860 च्या भारतीय दंड संहितेतील कलम 302 (खून) आणि 420 (फसवणूक) हे आकडे तर बोलीत रुळले. ठकाला 'चारशेवीस' म्हणतात ते याच कलमावरून. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, आणि आता हे गुन्हे अनुक्रमे 103 आणि 318 या कलमांत येतात. संविधानाच्या मराठी पाठात 'अनुच्छेद' आहे, लोक मात्र 'कलम 370'च म्हणतात. योगायोग असा की अनुच्छेदातही 'छेद' आहेच. 1975 सालचा वीसकलमी कार्यक्रम आणि रोजच्या बोलण्यातला 'एककलमी कार्यक्रम' हीही याच शाखेची फळे.

झाड : फारसीतच लावण्यासाठी कापलेल्या फांदीला हा शब्द लागला होता, कारण ती काडी लेखणीसारखी तिरकी तासलेली असते. कोय कलमात हे डोळ्यांनी दिसते. पावसाळ्यात ताज्या कोयी रुजवतात. तांबूस पाने फुटलेल्या कोवळ्या रोपाचा शेंडा उडवून उभी चीर देतात, आणि त्याच जाडीची, दोन्ही बाजूंनी पाचरीसारखी तासलेली हापूसची काडी तीत बसवून पट्टीने घट्ट बांधतात. खालचा खुंट रायवळ, वरचा आंबा हवा तो. भेट कलमात दोन्ही झाडे मुळांवर जिवंत ठेवून, साली तासून एकमेकींना बांधतात. ही रीत पोर्तुगीज काळात गोव्यात आंब्यावर रुजली आणि हापूसचे नाव आफोन्सो द आल्बुकर्कवरून पडले. तिला कोकणात जे नाव मिळाले ते मात्र फारसी.

इतर : पहाडी कलम, दख्खनी कलम या चित्रशैली. कलमकारी म्हणजे कलमाने रंगवलेले कापड; श्रीकाळहस्तीचे कारागीर बांबूच्या काडीला लोकर वा चिंधी गुंडाळतात आणि ती दाबत रंग सोडतात, काळा रंग लोखंडाचा गंज व गूळ आंबवून करतात. कलमी शोरा हा काडीसारख्या लांब स्फटिकांचा, म्हणून कलमी.

आज मराठीत कलमाने कोणी लिहीत नाही. हातात पेन असते आणि कागदावर 'लेखणी'. कोकणात मात्र 'आमची वीस कलमं आहेत' असे कोणी म्हणाले, की ती आंब्याचीच झाडे असतात हे विचारावे लागत नाही. कोशांनी पहिला अर्थ लेखणी द्यावा हे व्युत्पत्तीला धरून आहे. चालू मराठीला धरून पहिला मान झाडाचा.