चादरीखालची जखम

घोडबंदरच्या किल्ल्यावरून खाडी न्याहाळताना पोर्तुगीजांचा घोड्यांचा व्यापार आठवतो, १७३७ ची मराठ्यांची मोहीम आठवते. परंतु याच खाडीच्या मुखाशी, पलीकडच्या तीरावर, वसईच्या कोटात मिझरिकॉर्दिया नावाची दयासंस्था होती, तिची आठवण सहसा कोणास होत नाही. १४९८ साली लिस्बन येथे राणी लिओनोर हिच्या आश्रयाने जन्मलेल्या या बंधुसंघाचा पाया दयेच्या चौदा कृत्यांवर रचलेला होता; आजाऱ्यांना भेटणे हे त्यांपैकीच एक. गोव्याच्या शाही इस्पितळात १६०८ साली उपचार घेतलेल्या पिरार या फ्रेंच प्रवाशाने तेथील स्वच्छ बिछान्यांची तोंड भरून स्तुती केली आहे. अर्थात ते बिछाने पोर्तुगीज शिपायांसाठी होते, आपल्या पूर्वजांसाठी नव्हते, हेही ध्यानात ठेवावे.

बिछान्याचा विषय काढण्यास कारण आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची हालचाल थांबली की हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दबते, तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि ती मरते. माकडहाड, खुबा, टाचा ही तिची नेहमीची ठिकाणे. वर दिसतो लहानसा डाग; आत मात्र हाडापर्यंत पोकळी असू शकते. यास शय्याव्रण म्हणतात. घरोघरी बेडसोर हाच शब्द रूढ आहे.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या शार्को या नामांकित वैद्याने हे व्रण मज्जासंस्थेच्या विकारातून उद्भवतात आणि मृत्यूची चाहूल देतात असे मानले. म्हणजे परिचारिकेच्या हाती काही उरलेच नाही! फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये नेमके उलट बजावले होते : दोष बहुधा रोगाचा नसून शुश्रूषेचा असतो. त्यांचे म्हणणे खरे ठरण्यास महायुद्ध यावे लागले. १९४४ पासून इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल इस्पितळात डॉ. लुडविग गुटमन यांनी कणा दुखावलेल्या सैनिकांना रात्रंदिवस दर दोन तासांनी कुशीवर वळवण्याची शिस्त घातली, आणि ज्यांची आशा सोडलेली होती ती माणसे जगली. पुढे १९६२ साली डोरीन नॉर्टन या परिचारिकेने धोका आधीच ओळखण्याची गुणपद्धती दिली.

आपल्याकडे मुंबई राज्याने नर्सिंग होम नोंदणीचा कायदा १९४९ सालीच केला. नर्सिंग होम म्हटले की आपल्याला बाळंतपणाचे छोटे इस्पितळ आठवते. परंतु कायद्याच्या व्याख्येत आजारी व जखमी यांच्या जोडीला दुर्बल माणसेही आहेत. अधिकाऱ्यास आत शिरून तपासणी करण्याचा अधिकार मिळाला. मात्र मूळ कलमातच रुग्णाचे वैद्यकीय कागद त्याने पाहू नयेत अशी तरतूद होती. हेतू चांगला, रुग्णाची गुप्तता राखण्याचा. पण तपासनीसाने खाटा मोजाव्यात, नोंदवही चाळावी, आणि व्रणाची हकिगत फाइलीतच राहावी, असा तो प्रकार. शिवाय कायदा बराच काळ मोठ्या शहरांपुरताच होता. २००५ च्या दुरुस्तीने तो राज्यभर गेला. मीरा-भाईंदरची महानगरपालिका त्याआधी तीनच वर्षे, २००२ साली झाली होती.

अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने वेगळी दिशा घेतली. तेथे पूर्वसूचनेविना तपासणी होते, आणि व्रण नसताना दाखल झालेल्या वृद्धास तो झाला, तर तो टाळता येण्याजोगा नव्हता हे संस्थेने दाखवावे लागते. मला हा नियम पापनिवेदनाच्या कक्षाइतकाच कठोर वाटतो, आणि योग्यही.

रुग्णांना कम्युनियन देण्यास जाताना मी अनेक वर्षे फक्त चेहरे पाहत असे. एका वृद्धाश्रमात सेवा करणाऱ्या धर्मभगिनीने मला एकदा थांबवले. “फादर, आशीर्वाद द्या, पण आधी टाचा पाहा,” असे म्हणून तिने पायाकडून चादर उचलली. टाचेवर तांबूस डाग होता. तिने त्यावर बोट दाबले व उचलले. निरोगी कातडी क्षणभर पांढरी पडते. हा डाग तसाच तांबडा राहिला. तिने पोटरीखाली उशी सरकवली, टाच अधांतरी ठेवली आणि भिंतीवरच्या कागदावर वेळ लिहिली.