न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी
न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी (१९२७–२०१९), सर्वोदयी विचारवंत दादा धर्माधिकारी यांचे चिरंजीव. १९७२ ते १९८९ मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश. आणीबाणीत स्थानबद्धांना न्यायालयाची दारे बंद नाहीत, असा निर्णय देणाऱ्या नागपूर खंडपीठात ते होते. सर्वोच्च न्यायालयाने १९७६मध्ये तो फिरवला. निवृत्तीनंतरचे त्यांचे काम मात्र, माझ्या मते, त्याहून कमी मोलाचे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६मध्ये स्थापन झालेल्या डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाचे ते दीर्घकाळ अध्यक्ष होते. प्राधिकरणाने १९९८मध्ये वाढवण बंदराला नकार दिला आणि डहाणूच्या औष्णिक वीजकेंद्राला धुरातील गंधकवायू शोषणारी यंत्रणा बसवण्यास भाग पाडले.