हिवतापाचे दार

पालघर, बोईसर-तारापूरकडे पावसाळा आला, की वर्गात हिवतापाचा विषय निघतोच. आपण डासापाशी थांबतो. पण परजीवी तांबड्या रक्तपेशीत शिरतो कसा?

१९५० मध्ये लंडनमध्ये एका रुग्णाच्या रक्तामुळे ‘डफी’ रक्तगट कळला. १९६८ मध्ये त्याचे जनुक पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर असल्याचे दिसले. १९७६ मध्ये लुई मिलर व सहकाऱ्यांनी दाखवले, की तांबड्या पेशींवर डफी प्रथिन नसेल, तर व्हायवॅक्स हिवताप सहसा होत नाही. म्हणजे परजीवीचे दार तेच! १९९३ मध्ये उलगडले, की पेशीपटलावरचे हे ग्राही प्रथिन दाहाच्या वेळचे रासायनिक संदेश पकडते.

पश्चिम आफ्रिकेत बहुतेकांच्या तांबड्या पेशींवर ते नसते, आपल्याकडे असते. दार उघडेच असल्याने आपल्याला डासांची पैदासच रोखावी लागते.