आठ आण्यांचं कुत्रं

आम्ही मुंबईच्या कॉटन ग्रीनहून बोलतोय. आमचा बचत गट गोदामांच्या पाठच्या चाळींमधला. दर महिन्याच्या मीटिंगला हप्ते गोळा करायचे, कर्जाचा हिशेब करायचा, वही पुरी करायची, हा आमचा शिरस्ता. पण दोन वर्षांपूर्वीच्या एका मीटिंगला वही उघडलीच नाही. आमच्याच गटातल्या एका बाईच्या सात वर्षांच्या मुलीला गल्लीतलं कुत्रं चावलं होतं. पोटरीला चार दात लागले होते. तिची आई रडत होती आणि बाकीच्या भडकल्या होत्या.

ठरत आलं होतं की प्रत्येकीने पन्नास रुपये काढायचे, टेम्पो करायचा आणि गल्लीतली सगळी कुत्री पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडून यायची. एकीने तर त्याहून वाईट सुचवलं. भाकरीत काहीतरी कालवून द्यायचं म्हणाली. त्यात काळी नावाची कुत्रीही आली. ती आमच्या जिन्याखालीच व्यालेली, सहा पिल्लांची आई.

त्या रात्री आम्ही पैसे गोळा केले नाहीत. का केले नाहीत ते शेवटी सांगू. आधी आमच्याच भागाचा जुना इतिहास ऐका. हा प्रश्न मुंबईला आजचा नाही. जवळजवळ दोनशे वर्षं जुना आहे, आणि टेम्पोचा उपाय तेव्हाही करून झाला आहे.

कॉटन ग्रीन हे नावच मुळात फिरत आलेलं. इंग्रजांच्या काळी कापसाचा बाजार फोर्टात, मोठ्या चर्चसमोरच्या हिरव्या मैदानावर भरायचा. तिथे कापसाच्या गासड्यांचे ढीग पडायचे. १८४४ च्या सुमारास तो बाजार कुलाब्याला हलवला. पुढे १९२० च्या दशकात समुद्रात भराव टाकून शिवडी-माझगावकडे जागा केली आणि कापूस इकडे आला. कापसाबरोबर नावही आलं. कापसाची वखार, धान्याची गोदामं, बंदराची रेल्वे, हमाल, गाडीवाले, खानावळी असं सगळं इथे वसलं. जिथे धान्य तिथे उंदीर, जिथे माणसाचं खरकटं तिथे कुत्रं. तेव्हा आमच्या गल्लीत कुत्री कुठून आली, हे विचारायलाच नको. आपणच त्यांना आणलं.

आता १८३२ साल. तेव्हा कापूस अजून फोर्टातच होता. उन्हाळ्यात कुत्री पिसाळतात म्हणून इंग्रज सरकारने ठरलेल्या महिन्यांत मोकाट कुत्री मारायचा नियम केलेला होता. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस. मैत्रिणींनो, त्या काळचे आठ आणे म्हणजे गरिबाच्या घरात थोडकी रक्कम नव्हे. कामाला असा भाव लागला की काय होतं हे आपल्याला माहीत आहे. पिसाळलेलं कुत्रं शोधायचे कष्ट कोण घेणार? शांत, अंगणात बसलेलं, हाकेला येणारं कुत्रं मारायला सोपं. लोकांची तक्रार हीच होती की पकडणारे पाळलेली कुत्रीही घराच्या दारातून ओढून नेतात. त्या वर्षी तर मुदत वाढवून जूनपर्यंत नेली.

पारशी समाजात कुत्र्याला मोठा मान. माणूस गेला की त्याच्यापाशी कुत्रं आणून त्याची नजर पाडतात. या विधीला ‘सगदीद’ म्हणतात. डोळ्यांवर दोन ठिपके असलेलं, म्हणजे चार डोळ्यांचं कुत्रं, त्यासाठी उत्तम मानतात. अशा लोकांच्या दारात, त्यांच्या सणाच्या दिवशी, ६ जून १८३२ ला कुत्री मारणारे आले. लोक चिडले आणि त्यांनी शिपायांना चोप दिला. दुसऱ्या दिवशी फोर्टातला बाजार बंद. पारशांबरोबर हिंदू, जैन आणि इस्माईली व्यापारीही बंदात उतरले. कुलाब्याच्या गोऱ्या फौजेला जाणारं पाव-मटण अडलं. शेवटी सैन्य बोलवावं लागलं, धरपकड झाली, खटले चालले. इतिहासाच्या पुस्तकांत याला मुंबईची कुत्र्यांची दंगल म्हणतात.

हे ऐकून आम्हाला आधी हसू आलं. कुत्र्यांसाठी शहर बंद! पण मग लक्षात आलं, भांडण नुसतं कुत्र्यांचं नव्हतं. आमच्या दारातल्या जिवाचं काय करायचं हे आम्हाला न विचारता कोण ठरवणार, हा खरा प्रश्न होता.

पुढे जमशेटजी जीजीभाई यांच्यासारखी वजनदार माणसं मधे पडली, सरकारकडे अर्ज गेले. तोड निघाली ती अशी की कुत्री मारायची नाहीत, पकडून शहराबाहेर न्यायची. मैत्रिणींनो, हाच आमचा टेम्पो! आणि १८३४ साली जमशेटजी आणि गुजराती शेठ मंडळी यांनी मुंबईचा पांजरापोळ काढला. भुलेश्वरजवळ तो आजही आहे. म्हाताऱ्या, अधू, टाकून दिलेल्या जनावरांची ती जागा.

चाळीस वर्षांनी, १८७४ साली, मुंबईत प्राण्यांवरच्या क्रूरतेला आळा घालणारी संस्था निघाली. त्या काळी ट्रामचे घोडे आणि गाड्यांचे बैल उन्हात मरेस्तोवर राबायचे. मग १८८० च्या दशकात आमच्या शेजारी, परळला, जनावरांचं इस्पितळ उभं राहिलं. सर दिनशा माणेकजी पेटिट या गिरणीमालकाने देणगी दिली आणि इस्पितळाला आपल्या बायकोचं नाव दिलं, बाई साकरबाई. लागूनच १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. आमच्या भागातल्या लोकांच्या तोंडी ‘बैलघोडा हॉस्पिटल’ हेच नाव. बैलघोडे गेले, आता तिथे रांगेत कुत्री-मांजरं असतात. काखेत कुत्रं घेऊन आलेली धुणंभांडी करणारी बाई आणि गाडीतून उतरलेली बाई, दोघी एकाच बाकावर बसतात.

पण रस्त्यावरच्या कुत्र्यांचं काय झालं? दंगल विसरली गेली आणि मारणं पुन्हा सुरू झालं. ते विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत चाललं. वर्षाला हजारोंनी कुत्री मारली, तरी कुत्री संपली नाहीत. याचं कारण आपल्या रानातल्या बाईला लगेच कळेल. तण वरून कापलं तर दुप्पट जोमाने येतं. एका गल्लीतली कुत्री उचलली की तिथलं खरकटं मोकळं पडतं आणि शेजारच्या गल्लीतली नवखी कुत्री येतात. ती आपल्याला ओळखत नाहीत, आपसांत भांडतात, माणसावरही धावतात. कुत्री दोन महिन्यांत विते, वर्षातून दोनदा माजावर येते, एका वेताला चार-सहा पिल्लं. मारणारा किती मारणार?

१९८५ साली मुंबईत रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी काम करणारी संस्था निघाली. प्राणिप्रेमींनी पालिकेपुढे आणि कोर्टापुढे म्हणणं मांडलं की मारण्यावर खर्च करण्यापेक्षा नसबंदी करा, पिसाळण्याची लस टोचा आणि कुत्रं जिथून उचललं तिथेच परत सोडा. १९९० च्या दशकात मुंबईने मारणं सोडून ही वाट धरली. २००१ साली देशभरासाठी नियम झाले, २०२३ साली ते नव्याने आले. त्यात ही जबाबदारी पालिकेइतकीच ग्रामपंचायतीवरही टाकली आहे, हे गावच्या मैत्रिणींनी ध्यानात ठेवा. २०१४ साली मुंबईत मोजणी झाली तेव्हा सुमारे ९५ हजार कुत्री होती. दहा वर्षांनी पुन्हा मोजली तेव्हा नव्वद हजारांच्या आसपास. शहर एवढं वाढलं, पण कुत्री वाढली नाहीत. काम अर्धवट आहे, पण दिशा बरोबर आहे.

२०२५ साली हा विषय सर्वोच्च न्यायालयात गाजला. ऑगस्टमध्ये न्यायालयाने सांगितलं की नसबंदी आणि लस झालेलं कुत्रं त्याच्या जागी परत सोडावं. पिसाळलेलं किंवा अंगावर जाणारं कुत्रं मात्र सोडू नये. खायला घालायचं तर ठरलेल्या जागी, वाटेल तिथे नाही. नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन यांच्या आवारातली कुत्री निवाऱ्यात हलवायला सांगितलं. नियम बदलत राहतात, म्हणून आपल्या पंचायतीत विचारून घ्यावं.

आता त्या रात्रीकडे येऊ. आमच्या गटातली सगळ्यात वयस्कर आजी गिरणी कामगारांची खानावळ चालवायची. ती उठली आणि म्हणाली, “कुत्र्याचं नंतर बघा. पोरीची जखम धुतली का?” कोणीच धुतली नव्हती. उलट हळद आणि तिखट भरलं होतं. आजीच्या लहानपणी चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं. ती लस आमच्या शेजारच्या हाफकिन संस्थेत तयार व्हायची. पाश्चर नावाच्या शास्त्रज्ञाने १८८५ साली फ्रान्समध्ये एका मुलाला पहिल्यांदा अशी लस दिली आणि मुलगा वाचला. चौदा इंजेक्शनांची पद्धत बंद होऊन आता वीस वर्षं झाली. आता दंडात चार-पाच टोचण्या, ठरलेल्या दिवशी. सरकारी दवाखान्यात मोफत.

म्हणून आधी हे पाठ करा. कुत्रं चावलं, ओरखडलं, जखमेला चाटलं, तर वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुवायची. तिखट, चुना, हळद, तेल, काही लावायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. जखम खोल असेल तर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शनही विचारून घ्यायचं. टोचण्या पुऱ्या करायच्या, एकही चुकवायची नाही. रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस जवळजवळ वाचतच नाही. मांत्रिकाकडे गेलेला दिवस परत मिळत नाही.

आणि कुत्र्यासाठी काय करायचं? फार नाही. आपल्याकडे जेवताना चतकोर भाकरी कुत्र्याला काढायची रीत आहेच. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट आपण पोरांना सांगतो. खंडोबापाशी कुत्रं, दत्ताच्या पायाशी चार कुत्री. ती भाकरी रोज एका वेळी, एका कोपऱ्यात, पोरांच्या वाटेपासून दूर घाला. जास्त मीठ-मसाल्याचं नको, शिजलेल्या कोंबडीची हाडं नकोत, ती घशात आणि आतड्यात रुततात. खरकटं उघड्यावर फेकू नका. उन्हाळ्यात मातीच्या कुंडीत पाणी ठेवा आणि रोज बदला. पावसात एक कोरडं गोणपाट जिन्याखाली टाका. खरूज झालेल्या कुत्र्यावर गाडीचं जळकं तेल ओतू नका, त्याने कुत्रं मरतं. पशुवैद्यकीय दवाखान्यात औषध मिळतं. पावसाळ्यात जखमेत अळ्या पडतात, तेव्हा लगेच दाखवा. पिल्लं दोन महिन्यांची होईपर्यंत आईपासून तोडू नका. व्यालेल्या कुत्रीच्या जवळ पोरांना जाऊ देऊ नका. आमच्या मुलीला चावली ती काळीच होती. पोरीने पिल्लू उचललं होतं. कोणत्या आईने चावलं नसतं?

आम्ही पन्नास रुपयांचा टेम्पो रद्द केला आणि अर्ज लिहिला. दोन महिने कोणी फिरकलं नाही. पुन्हा गेलो, पंचवीस सह्या घेऊन गेलो. तिसऱ्या खेपेला गाडी आली. पिल्लं मोठी झाल्यावर काळीला नेलं आणि काही दिवसांनी परत आणून सोडलं. तिच्या कानाला छोटा काप आहे. नसबंदी झाल्याची ती खूण. तुमच्या गावात असा कान दिसला तर समजा, कोणीतरी पाठपुरावा केला आहे. सहा पिल्लांतली दोन गाड्यांखाली गेली, दोन लोकांनी पाळली, दोन गल्लीत आहेत. त्यांना गटाच्या वतीने दरवर्षी लस देतो. त्याचा खर्च हिशेबाच्या वहीत लिहिलेला आहे, सगळ्यांच्या संमतीने.

त्या मुलीने सगळ्या टोचण्या घेतल्या. ती ठणठणीत आहे. तिची आई मात्र अजून काळी दिसली की पलीकडून जाते. आम्ही तिला काही म्हणत नाही. भीती खरी असते, तिला वेळ द्यावा लागतो. पण लसीच्या वर्गणीत तिचा रुपया पहिला असतो.

मैत्रिणींनो, एके काळी सरकारने कुत्र्याची किंमत आठ आणे लावली होती. तुमच्या पुढच्या मीटिंगला वही उघडण्याआधी एवढंच विचारा, आपल्या गल्लीत किती कुत्री आहेत आणि त्यातल्या कितींच्या कानाला काप आहे? मोजायला एक संध्याकाळ पुरते. मोजून झालं की आकडा घेऊन पंचायतीत जा, आणि एकट्या जाऊ नका.