अकरावी-बारावीचं जीवशास्त्र : उर्दू-मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी काय करावं?

दहावीचा निकाल लागला की रत्नागिरी, राजापूर, दापोलीकडच्या आपल्या घरांत एकच चर्चा असते. सायन्स घ्यायचं का? घेतलं तर बायोलॉजी झेपेल का? खरी भीती असते ती भाषेची. घरात कोकणी बोली, शाळेत उर्दू किंवा मराठी, आणि अकरावीत एकदम इंग्रजी. दहावीला विज्ञानात चांगले गुण मिळवलेली मुलगी दिवाळीपर्यंत खचते आणि सायन्स सोडायचं म्हणते, हे आम्ही शिक्षकांनी अनेकदा पाहिलंय. ‘खलिया’ म्हणजे काय, हे तिला पक्कं माहीत असतं. फळ्यावर ‘सेल’ लिहिलं की ती गप्प होते. अशा घरांसाठी ही माहिती.

विषयात काय असतं?

राज्य मंडळाच्या सध्याच्या बारावीच्या पुस्तकात १५ प्रकरणं आहेत. वनस्पती व प्राण्यांचं प्रजनन, आनुवंशिकता, डीएनए, उत्क्रांती, वनस्पतींचं पाणी व पोषण, श्वसन आणि रक्ताभिसरण, मज्जासंस्था, आरोग्य व रोग, जैवतंत्रज्ञान आणि शेवटी परिसंस्था व जैवविविधता, असा साधारण क्रम आहे.

यातलं बरंच आपल्या दारात आहे. भाट्ये खाडीच्या चिखलातून वर आलेली तिवराची मुळं ही श्वसनमुळं. चिखलात हवा मिळत नाही म्हणून ती वर येतात. कांदळाचं बी झाडावरच रुजतं आणि मग खाली पडतं. संकर म्हणजे काय, हे समजवायला आंबा पुरेसा आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ जात काढली, ती १९८१ साली प्रसारित झाली. पुढे रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून अगदी पातळ कोयीचा ‘सिंधू’ आला. बागायतदाराच्या घरातल्या मुलाला मेंडेल समजायला जड जाऊ नये.

परीक्षा कशी असते?

बारावीला जीवशास्त्राचे १०० गुण : लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३०. लेखी पेपर तीन तासांचा. त्यात १० गुणांचे बहुपर्यायी प्रश्न, ८ गुणांचे एका वाक्याचे प्रश्न, मग दोन गुणांचे आठ, तीन गुणांचे आठ आणि चार गुणांचे तीन प्रश्न सोडवायचे. म्हणजे लांबलचक निबंध लिहायचा नसतो. नेमकी व्याख्या, नावं दिलेली आकृती आणि मुद्दे एवढं जमलं की इंग्रजी साधं असलं तरी गुण मिळतात. प्रात्यक्षिकाचे ३० गुण हजेरी आणि जर्नलवर बरेच अवलंबून असतात; घरातल्या लग्नकार्यासाठी मुलांना प्रॅक्टिकल चुकवायला लावू नका.

प्रवेश परीक्षा वेगळ्या. नीटमध्ये ७२० पैकी ३६० गुण, म्हणजे निम्मे, जीवशास्त्राचे. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. एमएचटी-सीईटीच्या पीसीबी गटात २०० पैकी १०० गुण जीवशास्त्राचे, आणि तिथे चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत. दोन्ही परीक्षांत प्रश्नपत्रिका उर्दू आणि मराठीतही मिळू शकते. अर्ज भरतानाच भाषा निवडावी लागते. पण अकरावी-बारावीचं शिकवणं आणि बहुतेक सराव साहित्य इंग्रजीत असल्याने दोन वर्षांत इंग्रजी संज्ञा पक्क्या करणं हेच सोयीचं.

भाषेचा पूल कसा बांधायचा?

बालभारतीचं दहावीचं ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ पुस्तक उर्दू, मराठी आणि इंग्रजीत एकसारखंच आहे. ते बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतं. त्याच्या दुसऱ्या भागात आनुवंशिकता आणि सजीवांच्या जीवनप्रक्रिया आहेत. दहावीची परीक्षा संपली की सुट्टीत उर्दू आणि इंग्रजी पुस्तक शेजारी ठेवून रोज दोन पानं वाचावीत. धडा आधीच झालेला असतो, त्यामुळे फक्त शब्द नवे असतात.

एक वही तीन रकान्यांची करावी : खलिया, पेशी, सेल, तनफ्फुस, श्वसन, रेस्पिरेशन, तौलीद, प्रजनन, रिप्रॉडक्शन. रोज दहा शब्द. दिवाळीपर्यंत एवढं सांभाळलं तर पुढचं वर्ष जड जात नाही. वर्गात न कळलेला शब्द त्याच दिवशी विचारायची सवय लावावी.

जे धडे घरात टाळले जातात

बारावीची पहिली दोन प्रकरणं प्रजननाची आहेत. संकोचाने मुली ती वाचायच्या सोडतात, कुणाला विचारतही नाहीत, आणि तिथेच गुण जातात. अन्सारच्या स्त्रियांना शिकताना लाज आड आली नाही, म्हणून हजरत आयेशा (र.) यांनी त्यांचं कौतुक केलं होतं. अम्मीने एवढंच सांगावं, ‘बेटा, हा अभ्यास आहे, नीट वाच.’

पुढे काय?

नीट हुकली की सगळं संपलं, हा समज सोडून द्या. एमबीबीएससाठी आता दूर जावंच लागतं असं नाही. रत्नागिरीत २०२३ पासून १०० जागांचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सावर्ड्याजवळ डेरवणला खासगी आहे. याच नीटवर पशुवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि युनानीचे प्रवेश होतात. युनानीच्या बीयूएमएससाठी दहावीला उर्दू, अरबी किंवा फारसी विषय असणं कामी येतं. तिथे उर्दू माध्यमाच्या मुलांचं पारडं जड असतं.

फार्मसीसाठी एमएचटी-सीईटी, बीएससी नर्सिंगसाठी राज्याची वेगळी सीईटी. मिरकरवाड्यासारख्या मच्छीमार वस्तीतल्या मुलांनी तर शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाची चौकशी जरूर करावी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं हे महाविद्यालय १९८१ पासून सुरू आहे आणि तिथे चार वर्षांची मत्स्यशास्त्राची पदवी मिळते. ज्या धंद्यात बापजादे राबले, त्याचं शास्त्र शहरातच शिकता येतं.

पालकांना आमचं एकच सांगणं. पहिल्या चाचणीत गुण कमी आले म्हणून मुलांचं सायन्स सोडवू नका. ते गुण बहुतेक वेळा भाषेमुळे कमी आलेले असतात. कॉलेजात जाऊन शिक्षकांना भेटा, तीन रकान्यांची वही आठवड्यातून एकदा पाहा. इंग्रजी येत नसेल तरी हरकत नाही, उर्दूचा रकाना तुम्हाला वाचता येईल. तेवढ्यानेही मूल टिकतं.